पित्त उठवणारं रसायन आणि त्वचेचा कॅन्सर: शंभर वर्षांचा गोंधळ

लहानपणी सुट्टीत भारतात गेल्यावर तुमच्यापैकी कुणाच्या तरी अंगावर नक्की पित्त उठलं असेल. कोळंबी खाल्ली, गवतात लोळलात, किंवा काहीच केलं नाही, आणि संध्याकाळी हातापायांवर लाल, खाजऱ्या गांधी. मग आजी आमसुलं भिजवून त्याचं पाणी अंगाला चोळणार, आणि आजोबा खोलीतून ओरडणार, 'ते राहू दे, एक अ‍ॅव्हिल द्या तिला!' आपण याला पित्त म्हणतो, पण यकृतातल्या पित्ताचा यात काही हात नसतो. त्या गांधी उठवतं हिस्टामाइन नावाचं एक छोटंसं रसायन. अ‍ॅव्हिल त्याला अडवते. इथे ब्रिटनमध्ये मे-जूनमध्ये गवताचे पराग उडायला लागले की मी रोज सकाळी लोराटाडिनची गोळी घेतो, तीही त्यालाच अडवते.

इथपर्यंतचं हिस्टामाइन सगळ्यांच्या ओळखीचं आहे. आता दोन प्रसंग सांगतो, ते एकमेकांशेजारी ठेवून बघा.

पहिला प्रसंग १९९० च्या दशकाच्या शेवटचा, अमेरिकेतला. ३०५ रुग्णांवर एक चाचणी झाली. सगळ्यांना मेलॅनोमा होता, म्हणजे त्वचेतल्या रंगपेशींचा कॅन्सर, आणि तो शरीरात इतरत्र पसरलेला होता. साधारण निम्म्या रुग्णांना एक औषध दिलं, उरलेल्यांना त्याच औषधाबरोबर हिस्टामाइनची इंजेक्शनं दिली. हो, तेच हिस्टामाइन. दुसरा प्रसंग नोव्हेंबर २०२१ चा. ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन कॅन्सर सेंटरमधल्या संशोधकांनी 'कॅन्सर सेल' या नियतकालिकात लिहिलं की इम्युनोथेरपी घेणाऱ्या मेलॅनोमाच्या आणि फुप्फुसाच्या कॅन्सरच्या रुग्णांपैकी जे योगायोगाने अ‍ॅलर्जीची गोळीही घेत होते, ते जास्त काळ जगले. म्हणजे हिस्टामाइन अडवलेलं बरं.

आजार तोच, रसायन तेच, मध्ये वीसेक वर्षं. आधीचे लोक रुग्णांना चुकीचं औषध टोचत होते का? की नंतरचे घाई करतायत? पॉडकास्टच्या भागात हा प्रश्न आम्ही पाच मिनिटांत उरकला आणि नंतर चुटपुट लागून राहिली, म्हणून हा लेख. माझं मत आधीच सांगून टाकतो: दोघांकडेही थोडी थोडी बाजू आहे. हिस्टामाइन हा एक निरोप आहे, आणि कुठली पेशी तो कुठल्या कानाने ऐकते यावर त्याचा परिणाम ठरतो. हे साधं वाक्य उच्चारायला शास्त्रज्ञांना शंभर वर्षं लागली, कारण या रसायनाला फार लवकर एक लेबल चिकटलं.

ते लेबल कसं चिकटलं ते बघू. १९०७ मध्ये जर्मनीत आडोल्फ विंडाउस आणि फोग्ट यांनी हे रसायन प्रयोगशाळेत बनवलं. ते शरीरात असतं, काही काम करतं, याची त्यांना कल्पना नव्हती. (या विंडाउसना पुढे १९२८ चं नोबेल मिळालं ते स्टेरॉल आणि जीवनसत्त्वांवरच्या कामासाठी; ड जीवनसत्त्वाच्या शोधात त्यांचा मोठा वाटा. ऊन आणि कातडी त्यांच्या वाट्याला वेगळ्याच दाराने आली.)

मग गोष्ट येते दक्षिण लंडनमध्ये. तुमच्यापैकी कुणी हर्न हिलच्या बाजूला राहत असाल तर ब्रॉकवेल पार्क माहीत असेल. त्याच भागात तेव्हा वेलकम कंपनीची शरीरशास्त्राची प्रयोगशाळा होती. १९०४ मध्ये हेन्री डेल नावाचा तरुण तिथे नोकरीला लागला आणि त्याला काम मिळालं ते अरगटचं. अरगट म्हणजे राय या धान्याच्या कणसावर येणारी काळी बुरशी. सुईणी ती बाळंतपणात वापरत, आणि औषध कंपन्यांना त्यातला नेमका कामाचा पदार्थ हवा होता. डेल आणि जॉर्ज बार्जर यांनी त्यातून बरंच काही बाहेर काढलं. १९१० मध्ये निघालेला एक पदार्थ म्हणजे हेच विंडाउसचं रसायन.

डेल आणि पॅट्रिक लेडलॉ यांनी ते प्राण्यांना टोचून पाहिलं. गिनीपिगच्या श्वासनलिका आवळल्या गेल्या, तो गुदमरला. मांजरांचा रक्तदाब धाडकन खाली आला. हे चित्र डॉक्टरांच्या ओळखीचं होतं. एखाद्या प्राण्याला एकदा परकं प्रथिन टोचलं आणि काही आठवड्यांनी पुन्हा टोचलं तर तो असाच कोसळतो, हे नुकतंच कळलेलं होतं. डेल यांनी साम्य नोंदवलं, पण दोन्ही एकच आहेत असं ठामपणे म्हणायला ते तयार नव्हते. शरीरात हे रसायन मुळात असतं का हेच कुठे माहीत होतं? प्रेत कुजलं की जिवाणूही ते बनवतात. शेवटी १९२७ मध्ये डेल आणि सहकाऱ्यांनी (त्यात इन्शुलिनवाले चार्ल्स बेस्टही होते) अगदी ताज्या यकृतातून आणि फुप्फुसातून ते वेगळं काढून दाखवलं. नावाच्या मुळाशी ग्रीक 'हिस्टोस' आहे, म्हणजे माग, विणलेलं कापड, आणि त्यावरून शरीरातली ऊती. आपल्या 'ऊती' शब्दाच्या मुळाशीही विणणंच आहे, हे मला फार आवडतं.

थोडक्यात, हिस्टामाइनची जगाला पहिली ओळख झाली ती कोसळणारा रक्तदाब आणि गुदमरणारा गिनीपिग अशी. पहिली छाप पुसायला वेळ लागतो.

त्याच सुमारास लंडनच्याच युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलात थॉमस लुईस माणसांच्या कातडीवर रेघा ओढत होते. हा प्रयोग तुम्ही आत्ता करू शकता. पेनाच्या बोथट टोकाने हाताच्या आतल्या बाजूवर जरा दाबून एक रेघ ओढा. आधी लाल रेघ येईल. मग तिच्याभोवती लाली पसरेल. ज्यांची कातडी नाजूक आहे त्यांना शेवटी रेघेवर फुगवटाही दिसेल. गव्हाळ किंवा सावळ्या रंगावर लाली कमी दिसते, पण फुगवटा बोटाला लागतो. लुईस यांनी या तीन पायऱ्या नीट मांडल्या आणि म्हटलं की दुखावलेली कातडी स्वतःच एक पदार्थ सोडते. हिस्टामाइन टोचलं तर हुबेहूब हेच होतं हे त्यांनी पाहिलं होतं. तरी त्यांनी त्याला हिस्टामाइन म्हटलं नाही, 'एच-पदार्थ' एवढंच म्हटलं. पुरावा जिथपर्यंत जातो तिथपर्यंतच बोलायचं, ही त्यांची शिस्त. पुढच्या पिढ्यांनी ती पाळली असती तर आपला गोंधळ थोडा कमी झाला असता.

कातडीत हिस्टामाइन साठवतं कोण? याचं उत्तर शोधायला पन्नास वर्षं मागे जावं लागतं. १८७८ मध्ये लाइपझिगला चोवीस वर्षांच्या पाउल एर्लिश यांनी आपल्या प्रबंधात एका विचित्र पेशीचं वर्णन केलं. रंगवल्यावर ती दाण्यांनी गच्च भरलेली दिसायची, जणू पोट फुटेस्तोवर जेवलेली. जर्मनमध्ये जनावराला चारून पुष्ट करण्याला 'मास्ट' म्हणतात, म्हणून त्या मास्ट पेशी. ते दाणे कशाचे, हे मात्र कुणालाच माहीत नव्हतं. १९४४ मध्ये अमेरिकेत क्रेमर आणि सिम्पसन या दोघांनी उंदरांच्या कातडीवर कॅन्सर घडवणारं रसायन लावून पाहिलं, तेव्हा तिथे मास्ट पेशींची गर्दी होते असं दिसलं. गर्दी बचावासाठी की बिघाडासाठी, हे त्यांनाही सांगता आलं नसतं, कारण पेशीच्या पोटात काय आहे तेच ठाऊक नव्हतं.

ते कळलं १९५३ मध्ये, स्कॉटलंडमधल्या डंडीला. जेम्स रायली तिथे रेडिओथेरपीचे डॉक्टर होते, म्हणजे रोजचा संबंध कॅन्सरशीच. जेफ्री वेस्ट हे औषधशास्त्रज्ञ. दोघांच्या हाती एक उपयोगी औषध होतं: स्टिलबामिडिन, जे भारतात काळा आजारावर वापरून झालेलं होतं. ते शरीरातलं हिस्टामाइन मोकळं करतं आणि अतिनील प्रकाशात चमकतं. रॅटला ते देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर चमक मास्ट पेशींमध्ये. मग त्यांनी निरनिराळ्या ऊती तपासल्या. मास्ट पेशी जास्त तिथे हिस्टामाइन जास्त. एर्लिश यांच्या पेशीच्या पोटात काय होतं, याचा उलगडा पंचाहत्तर वर्षांनी झाला.

एव्हाना बाजार पुढे गेला होता. १९३७ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये दानिएल बोवे आणि अ‍ॅन-मारी स्टॉब यांनी हिस्टामाइनला अडवणारी पहिली औषधं दाखवली. ती माणसाला देण्याजोगी नव्हती, पण दहा वर्षांत तशी औषधं दुकानात आली, आणि १९५७ मध्ये बोवे यांना नोबेल मिळालं. स्टॉब यांचं नाव आज फारसं कुणी घेत नाही. या यशाने लेबल पक्कं केलं. हिस्टामाइन म्हणजे अ‍ॅलर्जी, आणि अ‍ॅलर्जीवर गोळी आहे, विषय संपला.

स्वीडनमधल्या लुंडला मात्र दोन माणसांना तो संपलेला वाटत नव्हता. गेओर्ग काल्सन आणि एल्सा रोसेनग्रेन. १९५८ च्या सुमारास त्यांच्या लक्षात आलं की गाभण रॅटच्या लघवीतलं हिस्टामाइन गर्भारपणाच्या शेवटी प्रचंड वाढतं. आईला अ‍ॅलर्जी झाली नव्हती, की ती आजारी नव्हती. गर्भ काढून टाकले की आकडा खाली यायचा. म्हणजे हिस्टामाइन बनवत होती पोटातली पिल्लं, विशेषतः त्यांची वेगाने वाढणारी यकृतं. मग त्यांनी भरून येणाऱ्या जखमा पाहिल्या, तिथेही हिस्टामाइन बनवण्याची क्षमता वाढलेली. त्यांचं म्हणणं असं: मास्ट पेशीत साठवलेलं हिस्टामाइन ही एक गोष्ट, आणि वाढणाऱ्या पेशींनी तिथल्या तिथे बनवून लगेच वापरलेलं हिस्टामाइन ही दुसरी. हे दुसरं वाढीशी जोडलेलं आहे. आणि वाढ म्हटलं की पुढचा शब्द गाठ हाच येतो.

ही कल्पना त्या काळाच्या मानाने धाडसी होती, आणि ती सगळीकडे लागूही पडेना. रॅटमध्ये गर्भ हिस्टामाइन बनवतो, तर उंदरात आईचं मूत्रपिंड. एका प्राण्यातला नियम दुसऱ्यात मोडतो म्हटल्यावर लोकांनी खांदे उडवले आणि ते आपापल्या अ‍ॅलर्जीकडे परत गेले. मला विचाराल तर या सगळ्या इतिहासातली सर्वांत मोठी हातची गेलेली संधी हीच. काल्सन-रोसेनग्रेन यांनी प्रश्न बरोबर विचारला होता. उत्तर तपासायला लागणारी हत्यारं अजून घडायची होती.

त्यातलं पहिलं हत्यार म्हणजे रिसेप्टर, मराठी पुस्तकांत ज्याला ग्राही म्हणतात. मी वर 'कान' म्हटलं ते हेच. १९६० च्या दशकात कळत होतं की अ‍ॅलर्जीच्या गोळ्या हिस्टामाइनची सगळी कामं थांबवत नाहीत. जठरातलं आम्ल तर मुळीच थांबत नाही. १९७२ मध्ये जेम्स ब्लॅक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की पेशींना दोन वेगळे कान आहेत: एच-१, ज्याने अ‍ॅलर्जी ऐकू येते, आणि एच-२, ज्याने जठर ऐकतं. त्यातून अल्सरवरचं सिमेटिडिन आलं, १९७६ मध्ये ब्रिटनमध्ये विक्रीला. (ब्लॅक यांना नोबेल १९८८ मध्ये.) पुढे १९८३ मध्ये एच-३ सापडला, आणि २००० च्या सुमारास एच-४. एकच निरोप, चार कान. ऐंशीच्या दशकात काही डॉक्टरांनी मेलॅनोमाच्या रुग्णांना सिमेटिडिन देऊनही पाहिलं. कुठे गाठी आक्रसल्याच्या बातम्या आल्या, कुठे काहीच झालं नाही, आणि तो विषय बारगळला.

इथे जरा थांबून उन्हाकडे जायला हवं, कारण त्वचेचा कॅन्सर म्हटलं की ऊन आलंच.

हिस्टिडिन नावाचं एक अमिनो आम्ल आपल्या जेवणात असतं. त्याच्यापासून हिस्टामाइन बनतं, एका एन्झाइमच्या कृपेने. (तुमच्या स्वैपाकघरातलं उदाहरण: बांगड्यात आणि ट्यूनात हिस्टिडिन भरपूर. मासा थंड ठेवला नाही तर जिवाणू त्याचं हिस्टामाइन करतात, आणि ते शिजवूनही जात नाही. 'मासा बाधला', अंग लाल झालं, डोकं ठणकलं, तर पुष्कळदा हेच झालेलं असतं, माशाची अ‍ॅलर्जी नव्हे.) पण हिस्टिडिनला आणखी एक अपत्य आहे, युरोकॅनिक आम्ल. १८७४ मध्ये ते पहिल्यांदा कुत्र्याच्या लघवीत सापडलं, नावातच लघवी आणि कुत्रा दोन्ही आहेत. हे आम्ल आपल्या कातडीच्या सगळ्यात वरच्या थरात पसरलेलं असतं. अतिनील किरण पडले की त्याच्या रेणूची घडी बदलते.

सत्तरच्या दशकात अमेरिकेत मार्गारेट क्रिपकी यांनी एक विलक्षण गोष्ट पाहिली. अतिनील किरणांनी उंदरांत घडवलेल्या त्वचेच्या गाठी काढून दुसऱ्या निरोगी उंदरांत लावल्या, तर ते उंदीर त्या गाठी नाकारायचे, संपवायचे. पण आधी किरणांत ठेवलेल्या उंदरांत त्याच गाठी बिनधास्त वाढायच्या. म्हणजे ऊन फक्त पेशींचा डीएनए बिघडवत नाही, पहारेकऱ्यालाही झोपवतं. १९८३ मध्ये डी फाबो आणि नूनन यांनी म्हटलं की किरण पकडून ही झोपेची सूचना देणारा रेणू हे युरोकॅनिक आम्लच असावं. ऑस्ट्रेलियात प्रू हार्ट यांच्या गटाने पुढची कडी जोडली. मास्ट पेशी नसलेल्या उंदरांत किरणांनी पहारेकरी झोपत नव्हता. त्यांच्या कातडीत मास्ट पेशी परत बसवल्या की झोपायला लागला. आणि मास्ट पेशींऐवजी नुसतं हिस्टामाइन टोचलं तरी तसाच परिणाम दिसला. हे १९९८ मध्ये. दोन वर्षांनी त्याच गटाने डॅनिश संशोधकांबरोबर दाखवलं की बेसल सेल कार्सिनोमा झालेल्या डॅनिश लोकांच्या कातडीत मास्ट पेशी इतरांपेक्षा जास्त दाट असतात. तपासलेली कातडी होती ढुंगणावरची, कारण तिथे ऊन लागत नाही. म्हणजे ही दाटी उन्हाने आलेली नव्हती, ती मुळातलीच होती.

अशा रीतीने हिस्टिडिनची दोन्ही अपत्यं एकाच कटात सापडली. एकाने ऊन पकडायचं, दुसऱ्याने पहारेकऱ्याला गुंगवायचं.

आता मेलॅनोमा. मघाशी म्हटलं तसं, हा रंगपेशींचा कॅन्सर, त्वचेच्या कॅन्सरांत कमी आढळणारा पण सर्वांत घातक. 'हा गोऱ्यांचा आजार' असं आपल्यात सर्रास म्हणतात. आपल्याला तो क्वचित होतो हे खरं, पण होतो तेव्हा बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो, जिथे कुणी बघत नाही. बॉब मार्लीला तो पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली झाला. १९८१ मध्ये तो गेला तेव्हा छत्तीस वर्षांचा होता.

बुडापेस्टच्या सेमेलवाइस विद्यापीठात आंद्राश फालुश यांच्या गटाने काल्सन-रोसेनग्रेन यांचा जुना प्रश्न नव्या हत्यारांनी उघडला. २००० मध्ये त्यांनी दाखवलं की माणसाच्या मेलॅनोमाच्या पेशी हिस्टामाइन बनवणारं एन्झाइम स्वतःच तयार करतात. कातडीतल्या मास्ट पेशींकडून उसनं घेण्याची गरजच नाही. गाठीची स्वतःची भट्टी आहे. पुढच्या वर्षी त्यांनी ही भट्टी बंद करून पाहिली. एन्झाइमचा संदेश अडवणारे डीएनएचे छोटे तुकडे पेशींना दिले, आणि पेशींचं विभाजन मंदावलं. नंतर उंदरांच्या मेलॅनोमा पेशींत उलटं केलं, जास्त हिस्टामाइन बनवायला लावलं, तर गाठी जोमाने वाढल्या. काल्सन तेव्हा हयात नव्हते. मला उगाच वाटतं, त्यांना हे वाचायला मिळायला हवं होतं.

म्हणजे हिस्टामाइन मेलॅनोमाचा साथीदार, असंच ना? थांबा. २०११ मध्ये ब्युनोस आयर्सच्या एका गटाने माणसाच्या मेलॅनोमा पेशींवर बाहेरून हिस्टामाइन घातलं आणि पेशींची वाढ कमी झाली. त्यांनी शोधलं तेव्हा जबाबदार निघाला एच-४ हा कान. मग फक्त एच-४ ला जागं करणारी औषधं दिली, तर वाढ पुन्हा कमी. आधीच्या प्रयोगांतही असं दिसलं होतं की एच-१ मार्गे आलेला निरोप वाढीला लगाम घालतो आणि एच-२ मार्गे आलेला तिला चिथावतो. त्यात प्रत्येक रुग्णाच्या गाठीत कानांची संख्या वेगळी, हिस्टामाइन किती आहे ते वेगळं. बुडापेस्ट आणि ब्युनोस आयर्स, दोन्हीकडचे प्रयोग नीटच झालेले होते. आपल्याला सरळसोट खलनायक हवा असतो, तो इथे मिळत नाही.

आणि गाठीत फक्त कॅन्सरच्या पेशी नसतात. त्यांच्याभोवती प्रतिकारशक्तीच्या पेशींचा जमाव असतो, त्यांनाही हे चार कान आहेत. इथेच आपले सुरुवातीचे दोन प्रसंग येतात.

स्वीडनमधल्याच गोटेनबर्गला ऐंशीच्या दशकात क्रिस्टोफर हेलस्ट्रांड यांनी पाहिलं होतं की कॅन्सरला मारणाऱ्या एनके पेशी त्यांच्याच शेजाऱ्यांच्या हातून मरतात. भक्षक पेशी ऑक्सिजनचे तिखट रेणू सोडतात आणि त्यात एनके पेशी होरपळतात. हिस्टामाइन दिलं की भक्षक पेशी एच-२ मार्गे तो निरोप ऐकतात आणि ही आग थांबवतात. कल्पना सुंदर होती: प्रतिकारशक्ती वाढवणारं इंटरल्यूकिन-२ द्यायचं, आणि ते ज्या पेशींना जागं करतं त्यांचं रक्षण हिस्टामाइनने करायचं. इंजेक्शन कातडीखाली अगदी हळूहळू द्यावं लागे, नाहीतर डेल यांच्या मांजरांसारखा रक्तदाब पडायचा. विचार करा, ज्या परिणामामुळे हे रसायन बदनाम झालं, त्यालाच चुकवत चुकवत ते औषध म्हणून द्यायचं.

निकाल २००२ मध्ये छापून आला. सगळे ३०५ रुग्ण धरले तर हिस्टामाइन मिळालेल्यांचा मध्यक जीवनकाळ ९.१ महिने, न मिळालेल्यांचा ८.२. हा फरक निव्वळ योगायोगाचाही असू शकत होता. पण ज्या १२९ जणांच्या यकृतात कॅन्सर पसरला होता, त्यांच्यात ९.४ विरुद्ध ५.१ महिने. आकडे कोरडे वाटतात, पण पाच महिन्यांचे नऊ महिने म्हणजे काय हे ज्यांच्या घरात असा आजार येऊन गेलाय त्यांना सांगावं लागत नाही. कंपनीने याच गटासाठी परवानगी मागितली होती. अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने डिसेंबर २००० मध्येच नकार दिला. कठोर वाटतो, पण त्यामागे तर्क होता. कॅरममध्ये स्ट्रायकर मारल्यावर जी सोंगटी पडली तिच्याकडे बोट दाखवून 'मी हीच मारणार होतो' म्हणणारा मित्र प्रत्येकाला असतो. मोठा गट छोट्या छोट्या गटांत पाडत गेलं की एखाद्यात चांगला आकडा निघतोच. खरी सोंगटी असेल तर ती पुन्हा मारून दाखवा. त्यांनी फक्त यकृतवाल्या रुग्णांवर दुसरी चाचणी केली. २००४ मध्ये तिचा निकाल आला: फायदा नाही. मेलॅनोमासाठी ते औषध तिथेच थांबलं. तेच हिस्टामाइन पुढे २००८ मध्ये युरोपात मात्र एका रक्ताच्या कॅन्सरसाठी, इंटरल्यूकिन-२ च्या जोडीनेच, मान्य झालं.

मधल्या काळात मेलॅनोमाचे उपचारच बदलून गेले. २०११ पासून प्रतिकारशक्तीच्या टी पेशींचे ब्रेक सोडणारी औषधं आली (२०१८ चं नोबेल त्यासाठीच), आणि पूर्वी महिन्यांत मोजलं जाणारं आयुष्य काही रुग्णांत वर्षांत मोजलं जाऊ लागलं. काहींनाच का, सगळ्यांना का नाही, हा मोठा प्रश्न झाला. ह्यूस्टनच्या गटाने त्याच प्रश्नाच्या मागे लागून हिस्टामाइन गाठलं. त्यांचं चित्र असं: गाठीतल्या भक्षक पेशींवर एच-१ असतो. हिस्टामाइनचा निरोप त्या कानाने ऐकला की त्या कॅन्सरच्या बाजूने वागायला लागतात आणि टी पेशींना थकवतात. उंदरांत तो कान बंद केला की इम्युनोथेरपी जास्त चालते.

लक्षात येतंय? गोटेनबर्ग आणि ह्यूस्टन, दोघेही मुख्यतः भक्षक पेशींबद्दलच बोलतायत. एकाने एच-२ पाहिला, दुसऱ्याने एच-१.

त्याआधीच, २०२० मध्ये, स्वीडनच्या राष्ट्रीय नोंदी तपासून एका गटाने लिहिलं होतं की लोराटाडिन किंवा डेसलोराटाडिन घेणारे मेलॅनोमाचे रुग्ण जास्त जगले. गट कुठला? लुंडचा. एल्सा रोसेनग्रेन ज्या गावात रॅटची लघवी मोजत होत्या, तेच गाव. पण त्यांच्या अभ्यासात अ‍ॅलर्जीच्या सगळ्याच गोळ्यांनी हे केलं नाही, आणि सगळ्या एच-१ लाच अडवतात! मग हा फायदा हिस्टामाइन अडवल्याचा, की या दोन गोळ्यांच्या दुसऱ्याच कुठल्या गुणाचा? नेपल्सच्या डॉक्टरांनी तर सेटिरिझिनचीही चांगली बातमी दिली आहे. वर, नोंदी चाळून केलेल्या अभ्यासात एक खोच असते: गोळ्यांचा दुसरा डबा घ्यायला माणूस तोवर जिवंत असावा लागतो. जो जास्त जगतो तोच जास्त गोळ्या घेतो, आणि आपल्याला वाटतं गोळ्यांनी जगवलं. संशोधक हे जाणतात, गणितात त्याची सोय करतात, तरी शंका पूर्ण जात नाही. ती घालवायची तर चिठ्ठ्या टाकून रुग्णांचे दोन गट करायचे, एकाला गोळी द्यायची, दुसऱ्याला तशीच दिसणारी बिनऔषधाची. यकृताच्या सोंगटीचं जे झालं ते आठवत असेल तर ही चाचणी होईपर्यंत कुणी छातीठोकपणे बोलू नये.

तुम्ही विचाराल, मग मी काय करू? परागांसाठी गोळी घेत असाल तर परागांसाठीच घ्या. कॅन्सर टळेल म्हणून सुरू करू नका, आणि या लेखामुळे बंदही करू नका. घरात कुणी इम्युनोथेरपीवर असेल तर ते अ‍ॅलर्जीची कुठली गोळी घेतात हे त्यांच्या डॉक्टरांच्या कानावर घाला. तीळ रंग, आकार किंवा कडा बदलत असेल, तळपायावर नवा काळा डाग किंवा नखाखाली काळी रेघ दिसली असेल, तर या आठवड्यातच जीपीची वेळ घ्या, आणि 'आमच्यात हे होत नाही' म्हणणाऱ्या मावशींना बॉब मार्लीचं सांगा. आमसुलाचं पाणी मात्र गांधींवर खुशाल लावा, त्याला कुणाची परवानगी लागत नाही.